नेदरलँड्सच्या निवृत्त राण्यांची घरे

नेदरलँड्समध्ये राणीही निवृत्त होते. शेजारच्या ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ वयाच्या ९६व्या वर्षी, निधनाच्या दोनच दिवस आधी, नव्या पंतप्रधानांची नियुक्ती करत होत्या. इकडे मात्र विल्हेल्मिना, यूलियाना आणि बेआट्रिक्स या लागोपाठच्या तीन राण्यांनी अनुक्रमे १९४८, १९८० आणि २०१३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या राजवाड्यात राज्यत्यागाच्या दस्तऐवजावर सही केली आणि गादी पुढच्या पिढीकडे सोपवली. सही झाली की राणीपद संपते, त्या पुन्हा राजकन्या म्हणून ओळखल्या जातात आणि मग उरलेले आयुष्य कोठे काढायचे, हा अगदी घरगुती प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहतो.

या प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. कायद्याने राजाच्या वापरासाठी तीन राजवाडे दिलेले आहेत: हेगमधील हाउस टेन बोस आणि नोर्डआइंडे, तसेच अ‍ॅमस्टरडॅममधील राजवाडा. माजी राणीला सरकारी तिजोरीतून वार्षिक भत्ताही मिळतो. परंतु निवृत्त राणीसाठी राखून ठेवलेला असा ठरलेला वाडा नाही. तिघींनी आपापली घरे निवडली ती आपल्याच गतायुष्यातून, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत लक्षणीय वाटते.

बेआट्रिक्स यांनी युट्रेख्त प्रांतातील लाखे व्ह्यूर्से या चिमुकल्या गावाजवळचा द्राकेन्स्टाइन हा छोटा किल्ला १९५९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्वतः विकत घेतला होता. सतराव्या शतकातील ही अष्टकोनी वास्तू भोवती खंदक असल्यामुळे किल्ला म्हणवते, पण आपल्या नजरेला ती एखाद्या टुमदार गढीसारखी वाटेल. १९६३ पासून त्या तेथे राहू लागल्या, १९६६ साली क्लाउस यांच्याशी विवाह झाल्यावर तेथेच संसार मांडला आणि तिन्ही मुलगे तेथेच लहानाचे मोठे झाले. राणी झाल्यानंतर, १९८१ साली, कुटुंब हाउस टेन बोसमध्ये गेले. २०१४ च्या आरंभी, राज्यत्यागाला वर्षही पूर्ण झालेले नसताना, ७६ वर्षांच्या बेआट्रिक्स द्राकेन्स्टाइनला परतल्या. क्लाउस यांचे निधन २००२ सालीच झाले होते.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात येथे पहिली शंका सूनबाईंविषयी येईल, हे मी जाणून आहे. ती निराधार आहे. राजे विलेम-अलेक्झांडर आणि राणी माक्सिमा तेव्हा वासेनारच्या आपल्या जुन्या घरातच राहत होते आणि हाउस टेन बोसची प्रदीर्घ दुरुस्ती आटोपल्यावर, २०१९ साली, ते तेथे गेले. परतण्यामागे बेआट्रिक्स यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक; मला मात्र त्यांच्या मधल्या मुलाची आठवण टाळता येत नाही. राजपुत्र फ्रिसो २०१२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात हिमकड्याखाली गाडले गेले, दीड वर्ष शुद्धीवर आले नाहीत आणि ऑगस्ट २०१३ मध्ये आईच्याच घरी वारले. राजघराण्यातील अंत्यविधी डेल्फ्टच्या चर्चमध्ये होण्याचा प्रघात असताना त्यांना लाखे व्ह्यूर्सेच्या गावातील दफनभूमीत पुरण्यात आले. बार्न स्थानकावरून रानातल्या सायकलवाटेने अर्ध्या तासाच्या आत हे गाव लागते. रविवारी पॅनकेक खाण्यासाठी येथे झुंबड उडते आणि त्या गर्दीपासून वृद्ध माजी राणीचे घर आणि तिच्या मुलाची कबर दोन्ही जवळच आहेत. द्राकेन्स्टाइनचे आवार खासगी असल्याने आत प्रवेश नाही.

बेआट्रिक्स यांच्या आईला असे परतावे लागले नाही, कारण त्या कधी निघाल्याच नव्हत्या. यूलियाना १९३७ साली लग्न होऊन बार्नच्या सूस्तडाइक राजवाड्यात आल्या आणि युद्धकाळातील कॅनडातील वास्तव्य वगळता तेथेच राहिल्या. १९७१ साली वाडा राज्याला विकला गेला, तरी त्यांचा मुक्काम हलला नाही. दर वर्षी ३० एप्रिलला, त्यांच्या वाढदिवशी, देशभरातून आलेले लोक फुले आणि भेटवस्तू घेऊन या वाड्याच्या पायऱ्यांपुढून मिरवत जात. १९८० साली त्याच तारखेला त्यांनी राज्यत्याग केला आणि ती प्रथा थांबली. आयुष्याच्या अखेरीस त्यांची स्मृती गेली. पती बर्नहार्ड यांनी २००१ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, त्या आता घरच्यांनाही ओळखत नाहीत, असे उघडपणे सांगितले. राजघराण्याचा आब सांभाळण्यासाठी हे झाकून ठेवणे सोपे होते, म्हणून मला ते सांगणे मोलाचे वाटते. मार्च २००४ मध्ये त्या ९४व्या वर्षी सूस्तडाइकमध्येच निवर्तल्या, डिसेंबरमध्ये बर्नहार्डही गेले आणि वाडा रिकामा झाला. पुढे काही वर्षे तो लोकांना पाहण्यासाठी खुला होता आणि २०१७ साली सरकारने तो एका खासगी समूहाला विकला.

विल्हेल्मिना यांची कथा थोडक्यात सांगता येते. दहाव्या वर्षी गादीवर आलेल्या या राणीने सुमारे पन्नास वर्षांच्या प्रत्यक्ष कारभारानंतर आपेलडोर्नच्या हेट लो राजवाड्यात मुक्काम हलवला. तेथे त्यांनी चित्रे काढली, आठवणी लिहिल्या आणि १९५३ च्या महापुराच्या वेळी आपद्ग्रस्तांना भेटायला त्या बाहेर पडल्या, तो अपवाद सोडला तर त्या लोकांसमोर फारशा आल्या नाहीत. १९६२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. यूलियाना यांची कन्या मार्ग्रिट आणि जावई त्या वाड्यात राहत असत. १९७५ साली वाडा रिकामा करून त्याच आवारातील नव्या घरात ते राहायला गेले.

भारतातून आलेले पाहुणे ट्यूलिप आणि पवनचक्क्या पाहून झाल्या की पुढे काय, असे विचारतात, तेव्हा मी त्यांना हेट लो सुचवतो. १९८४ पासून तो वाडा संग्रहालय आहे आणि मागची बाग एकटीच दिवसभर पुरेल. एवढा वेळ नसेल तर हेगमध्ये लांगे फोरहाउटवरचा वाडा पाहावा. विल्हेल्मिना यांच्या विधवा आई एम्मा, ज्यांनी मुलगी अल्पवयीन असताना राज्य सांभाळले होते, त्यांचे हिवाळी घर ते हेच. त्यांचे निधनही १९३४ साली येथेच झाले. आता तेथे चित्रकार एशर यांचे संग्रहालय आहे. ट्रामने जाता येते.