नागोयातली ‘हाय’ आणि आपली पत्रिका

जपानमधल्या नागोयाच्या त्या बैठकीत मला ‘हाय’ हा शब्द तीसेक वेळा तरी ऐकू आला असेल, आणि दर वेळी मी मनातल्या मनात आपली आणखी एक अट मान्य झाल्याची नोंद करत होतो. ‘हाय’ म्हणजे ‘हो’, एवढे जपानी मी पुण्यातल्या वर्गात शिकलो होतो. आपल्याकडे गोष्ट ऐकणारी मुले ‘हूं’ म्हणत राहतात, तसाच हा नुसता हुंकार असू शकतो आणि त्याला ‘आइझुची’ असे स्वतंत्र नावही आहे, हे मात्र वर्गात कोणी सांगितले नव्हते.

टोकियोतले आधीचे तीन दिवस पावसात आणि भुयारी रेल्वेत संपले. नागोयाला शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पोहोचलो आणि पहिली चूक बैठकीच्या खोलीत शिरताच केली. नम्रपणा म्हणून मी दाराजवळची खुर्ची धरली. दारापासून सर्वांत लांबची जागा, म्हणजे ‘कामिझा’, पाहुण्याची असते आणि दाराजवळ कनिष्ठांनी बसायचे असते. त्यामुळे मी उठून पलीकडे जाईपर्यंत समोरचे सहाही जण ताटकळत उभे राहिले. दोन्ही हातांनी मिळालेले पहिले व्हिजिटिंग कार्ड मी न वाचताच खिशात घातले होते. ती कार्डे बसण्याच्या क्रमाने टेबलावर मांडून ठेवायची असतात, हे शेजारच्याचे पाहून उमगले.

आम्हाला चाचणीचे सॉफ्टवेअर देण्यासाठी सहा आठवड्यांची मुदतवाढ हवी होती. माझे बोलणे संपल्यावर विभागप्रमुखांनी दातांतून हवा आत ओढली, बराच वेळ टेबलाकडे पाहिले आणि ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, असे म्हटले. ती शांतता मला असह्य झाली आणि ती भरून काढण्यासाठी मी तेच मुद्दे पुन्हा मांडले. संध्याकाळी पुण्याला फोन करून सांगितले, ‘बहुतेक काम झालेच.’

पुढचे दोन दिवस कोणी त्या विषयाचे नावही काढले नाही. अखेर आमच्या बाजूने काम पाहणारे एक वयस्क जपानी गृहस्थ मला इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या साध्या मद्यगृहात, घेऊन गेले. तिथे आपला पेला आपणच भरायचा नसतो, म्हणून मी त्यांचा आणि त्यांनी माझा भरला. मग त्यांनी ‘नेमावाशी’चा अर्थ सांगितला. मोठे झाड दुसरीकडे हलवायचे असेल, तर माळी बराच आधी त्याच्या मुळांभोवती खणतो, काही मुळे छाटतो आणि नवी बारीक मुळे फुटू देतो. कचेरीतही तसेच चालते: संबंधितांना एकेकटे भेटायचे, शंका फेडायच्या, ‘रिंगीशो’ नावाचा प्रस्ताव खालून वर शिक्के घेत जाऊ द्यायचा आणि बैठकीत फक्त ठरलेले जाहीर करायचे. मी मात्र उपटलेले झाड खांद्यावर घेऊन थेट बैठकीतच शिरलो होतो. ‘विचार करतो’ हा बहुतेक वेळा नकारच असतो, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितले.

मला राग आला, तो जास्त करून स्वतःचाच. मुलगी पसंत नसली की ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हा नकार ओळखू येऊ नये? पण तक्रारही आहेच. पहिल्याच दिवशी कोणी आडून का होईना सुचवले असते, तर हॉटेलचे दोन दिवसांचे भाडे वाचले असते. ती खोली इतकी लहान होती की बॅग उघडायची तर मला पलंगावर चढून बसावे लागे. एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्या गृहस्थांच्या म्हणण्याप्रमाणे एकदा सगळे शिक्के पडले की ठरलेले सहसा कोणी उकरून काढत नाही, तर आमच्याकडे बैठकीत एकमताने झालेला निर्णय चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत फिरलेला असतो.

निघताना विभागप्रमुखांसह सगळे लिफ्टपर्यंत आले आणि दार मिटेपर्यंत वाकून उभे राहिले. पुढच्या खेपेला आधी कोणाकोणाला भेटायचे याची यादी मी स्टेशनवर त्या गृहस्थांकडून लिहून घेतली. तिच्यात नऊ नावे होती आणि विभागप्रमुखांचे नाव सर्वांत शेवटी होते.