गाडीत पाणी येतंय? आधी वायपरखाली बघा

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, म्हणजे माझ्याकडे गाडी येते ती वायरिंगसाठी, पाण्यासाठी नाही. पण पावसाच्या दिवसांत वायरिंगची म्हणून येणारी बरीचशी कामं मुळात पाण्याचीच असतात आणि त्या पाण्यामागे झाडाची पानं असतात, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. म्हणून ही एक केस जरा सविस्तर लिहितोय, कुणाचा तरी खर्च आणि मनस्ताप वाचेल.

गाडी टो करून आली होती. तक्रार एकच, दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. गाडी एका ताईंची, त्या अगदी वैतागलेल्या होत्या. बॅटरी नवीन टाकून झाली होती, अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) दुसरीकडे चेक करून झाला होता, तो ओके निघाला. मधेच वायपर आपोआप एक फेरी मारायचा, सेंट्रल लॉक रात्री खटखट करायचं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. मी म्हणलं ताई, आधी बघू तरी, वायरिंग बदलणं हे काय पहिलं औषध नाही.

अशा केसमध्ये पहिलं काम म्हणजे गाडी झोपल्यावर, म्हणजे बंद करून ठेवल्यावर आतलं सगळं शांत झालं की, ती किती करंट खाते ते मोजणं. सगळे दरवाजे बंद, चावी लांब ठेवायची, बॅटरीच्या मायनसला सिरीजमध्ये मीटर लावायचा आणि थांबायचं, कारण आजकालच्या गाड्यांचे मॉड्यूल, म्हणजे कंट्रोलचे इलेक्ट्रॉनिक डबे, लगेच झोपत नाहीत, काही गाड्यांना अर्धा तास किंवा जास्तही लागतो आणि तेवढा धीर न धरता मीटर बघितला की चुकीचा आकडा दिसतो. झोपलेल्या गाडीला साधारण 50 मिलीअँपिअरच्या आत असायला पाहिजे. इथे मीटर अर्ध्या अँपिअरच्या, म्हणजे 500 मिलीअँपिअरच्या, खाली यायलाच तयार नाही. आता अर्धा अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाचे 24 तास धरले तर 12 अँपिअर-अवर झाले, 45 अँपिअर-अवरची बॅटरी असली तरी दोन-तीन दिवसांत ती सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजला करंट धाडकन खाली आला, तो होता बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा. लॉक, वायपर, आतले दिवे हे सगळं तोच बघतो, त्यामुळे तक्रारी जुळल्या. या गाडीत तो ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे बाजूच्या प्लॅस्टिक पॅनलमागे, खालच्या अंगाला बसवलेला आहे. पॅनल काढायला मी तिथे वाकलो, एक गुडघा कार्पेटवर टेकला आणि पँटमधून गार पाणी वर आलं.

कार्पेट वरून हात फिरवला तर कोरडं. ताईही म्हणाल्या, "दादा, मी रोज बघते, ओलं काही नसतं हो." त्यांचं बरोबरच होतं. वरच्या कापडाखाली फोम आणि फेल्टचा जाड थर असतो, आवाज कमी व्हावा म्हणून, आणि तो पाणी धरून बसतो. वरचं कापड हवेने वाळतं, खालचा थर महिनोन्महिने ओला राहतो. दाबल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे गाडीत कोंदट वास येत असेल किंवा सकाळी काचा आतून फार धुरकट होत असतील तर नुसता हात फिरवू नका, सीटपुढच्या कोपऱ्यात अंगठ्याने जोर लावून दाबून बघा.

आता पाणी कुठलं, हे ठरवायचं होतं. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच पैसे वाया जातात. हीटरचं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) असतो, बोटाला चिकट लागतो, रंग असतो, गोडसर वास येतो. एसीचं असेल तर स्वच्छ पाणी असतं आणि एसी चालवला तरच येतं, आणि त्यावेळी गाडीखाली जे पाणी टिपकायला पाहिजे ते टिपकत नाही कारण कूलिंग कॉईलची ड्रेन नळी चोकअप झालेली असते. इथे फेल्ट पिळल्यावर निघालं ते तपकिरी पाणी, कुजक्या पाल्याचा वास, आणि त्यात पानांच्या शिरांचे बारीक काळे धागे. पावसाचंच पाणी, आणि पानातून आलेलं.

ताईंना विचारलं गाडी कुठे लावता. म्हणाल्या घरासमोर उतारावर, वर बारीक पानांचं मोठं झाड आहे, सावली मिळते म्हणून तिथेच लावतो. मग हेही म्हणाल्या की आधी एकाने काचेतून पाणी येतंय असं सांगून पुढच्या काचेच्या कडेला सगळीकडे सिलिकॉन मारून दिलं होतं. सिलिकॉन मारलेलं दिसतच होतं. काच एकदम व्यवस्थित चिकटलेली, तिचा काही संबंध नव्हता.

पुढची काच जिथे संपते तिथे वायपरखाली जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते ना, तिला आम्ही काऊल म्हणतो. तिच्याखाली आडवी पन्हळ असते, गाडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी त्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे खाली निघून जातं. आणि केबिनमध्ये बाहेरची हवा घ्यायचं तोंडही त्याच पन्हळीत असतं, कारण गाडी पळताना काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, हवा आपोआप आत ढकलली जाते. त्या तोंडाला एक उंच कड असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. म्हणजे पाणी आणि हवा एकाच जागेतून आत येतात आणि दोघांना वेगळं ठेवते ती फक्त ही कड आणि ती दोन भोकं. भोकं बुजली की पाणी साचतं, कडेपर्यंत चढतं आणि थेट ब्लोअरमध्ये, म्हणजे केबिनमध्ये हवा फेकणाऱ्या पंख्यात, ओततं आणि तिथून खाली कार्पेटमध्ये उतरतं. किती पाणी असतं याचा अंदाज हवा असेल तर, 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर. काचेचा वरून दिसणारा भाग साधारण तेवढा धरा, तासाला 30 मिलिमीटरचा पाऊस झाला तर तासाभरात 30 लिटर पाणी त्या पन्हळीतून जायला पाहिजे.

वायपर काढले. काढायच्या आधी काचेवर टेप लावून त्यांची जागा मार्क करायची, नाहीतर बसवताना वायपर भलतीकडे जाऊन बसतो. काऊलच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, घाई केली की तुटतात, म्हणून सावकाश. जाळी वर उचलली आणि आमचा हेल्पर पोरगा बघतच राहिला. वर सुकी पानं, त्याखाली अर्धवट कुजलेली, आणि सगळ्यात खाली बोटभर काळा लगदा, पूर्ण माती झालेला. त्यात एक बी रुजून रोप आलेलं, दोन पानं जाळीच्या फटीकडे तोंड करून, आणि खाली पांढरी मुळं. पत्र्यावर पाण्याची रेघ स्पष्ट उमटली होती, वायपर मोटरच्या निम्म्या उंचीवर, आणि हवेच्या तोंडाच्या कडेवरूनही ओघळाचे डाग खाली गेलेले.

मोठी पानं जाळीवरच अडकतात, ती दिसतात, आपण उचलून टाकतो. त्रास देतात ती बारीक पानं, फुलांच्या पाकळ्या, बिया आणि देठ. ती फटीतून आरामात खाली जातात आणि खाली ओल मिळाली की कुजून लगदा होतो. आणि गाडी धुताना लोक काय करतात, तर प्रेशरचा पाईप घेऊन बॉनेटवरची पानं काचेकडे ढकलतात, ती सगळी जाळीत जातात. हे बघितलं की माझा जीव तुटतो. हाताने उचला, किंवा व्हॅक्यूम लावा, पण पाण्याने आत ढकलू नका.

सगळा गाळ हाताने आणि चमच्यासारख्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बाहेर काढला, बादली भरली. एका टोकाचं भोक तेवढ्यानेच मोकळं झालं. दुसऱ्या टोकाला रबरी बुच होतं, बदकाच्या चोचीसारखं, म्हणजे पाण्याच्या वजनाने उघडतं आणि एरवी मिटलेलं असतं. त्या चोचीत लगदा ठासून भरला होता. इथे वरून तार खुपसायचा मोह होतो, पोरगा तार घेऊन आलासुद्धा, मी थांबवलं. तार मारली की रबर फाटतं नाहीतर निघून खाली पडतं, आणि लगदा पुढे फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतल्या कोपऱ्यात जाऊन बसतो जिथे परत कुणी बघत नाही. चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं लायनर सोडवलं, तर तिथेही दरवाजाच्या बिजागरीच्या पुढे पानांचा ओला ढीग होताच. अशी ओली जागा लवकर गंजायला लागते आणि बाहेरून रंग फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. रबर खालून काढून चोच दाबून दाबून रिकामी केली, धुतली आणि परत बसवली.

बरेच जण ही चोच सरळ कापून टाकतात, भोक मोठं होतं म्हणून. मी कापत नाही. ते रबर काहीतरी कारणाने दिलंय, खालून उडणारं पाणी, धूळ आणि काही गाड्यांत इंजिनकडची गरम हवा त्या पन्हळीत येऊ नये म्हणून, आणि पन्हळीतली हवा आपण श्वासाने घेतो हे विसरून चालत नाही. कापण्यापेक्षा वेळोवेळी साफ करा.

नंतर मग्ग्याने हळूहळू पाणी ओतून बघितलं. दोन्ही चाकांमागे सारखी धार पडली तेव्हा समाधान झालं.

ब्लोअरची वेगळी कथा. ग्लव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर ओढला तर तो भिजून वाकलेला, वर पानांचा चुरा. ताईंना विचारलं ब्लोअर कसा चालतो, तर म्हणाल्या खूप दिवस झाले फक्त चार नंबरवरच चालतो, एक-दोन-तीनला काहीच नाही, आणि चालू केला की फडफड आवाज. फडफड म्हणजे ब्लोअरच्या पिंजऱ्यात अडकलेली पानं, ती काढली. आणि खालचे स्पीड जातात ते रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून स्पीड कमी करणारा पार्ट, गेल्यामुळे, टॉप स्पीडला करंट रेझिस्टर वगळून सरळ जातो म्हणून तेवढाच चालतो. हा रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, थंड राहावा म्हणून. फिल्टर तुंबला की हवा कमी, रेझिस्टर तापतो आणि जातो, वर पाणी पडलं तर आणखीनच लवकर. त्यामुळे नुसता रेझिस्टर बदलून उपयोग नाही. दोन्ही बदलले, फिल्टरवरचा हवेचा बाण बघून बसवला.

मॉड्यूलचं काम नाजूक. बॅटरी काढून तो उघडला, कपलरच्या (वायर जोडायच्या सॉकेटच्या) पिनांवर हिरवट-पांढरा थर. पाणी त्याच्यावर ओतलं गेलं नव्हतं, वायरच्या गुंडाळीतून ओल वर चढत चढत पोचली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला, वाळवला, खराब झालेली टर्मिनल नवीन टाकली. जोडल्यावर परत गाडी झोपू दिली, मीटर 20 मिलीअँपिअरच्या आसपास स्थिर झाला. तरी ताईंना स्पष्ट सांगितलं, एकदा ओल लागलेल्या मॉड्यूलची मी गॅरंटी देऊ शकत नाही, पण आज बदलायची गरज नाही. कार्पेट मात्र सीट काढून पूर्ण उचललं आणि फेल्ट कोरडा होईपर्यंत गाडी सोडली नाही, त्यांना घाई होती तरीसुद्धा. ओलं फेल्ट परत दाबून टाकणं म्हणजे तीच ओल परत मॉड्यूलच्या पायाशी ठेवणं.

त्यांनी विचारलं, "दादा, जाळीखाली अजून एक बारीक जाळी लावून टाका ना." लावली, पण फक्त हवेच्या तोंडावर आणि तीही मध्यम भोकांची. फार बारीक जाळीवर ओली पानं चिकटली की हवाच बंद होते. आणि पाणी जायच्या भोकात जाळी कधीच घालायची नाही, तिथे जे येईल ते निघून गेलं पाहिजे. गाडी लावताना हवेचं बटण आतल्या हवेवर ठेवायला सांगितलं, बऱ्याच गाड्यांत त्याने बाहेरच्या हवेचं झाकण बंद राहतं, चुरा आणि उंदीर दोन्ही ब्लोअरपर्यंत जात नाहीत. सनरूफ त्यांच्या गाडीला नाही, पण असेल त्यांनी लक्षात ठेवा, त्याच्याही कोपऱ्यांत ड्रेन नळ्या असतात आणि त्यात काँप्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटते आणि मग पाणी छतातून उतरतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने सोडली तरी पुरते.

गाडी द्यायच्या वेळी मागचा दरवाजा लावला तर आतून खळ्ळ आवाज आला. दरवाजाच्या खालच्या कडेला छोट्या फटी असतात, खिडकीच्या काचेवरून आत उतरलेलं पाणी जायला, त्या मातीने आणि पानाच्या चुऱ्याने बुजल्या होत्या. प्लॅस्टिकची केबल टाय घालून फिरवली, बरंच पाणी बाहेर आलं. मग बाकीचे दरवाजेही बघितले, पुढचे मोकळे होते, मागचा दुसरा अर्धवट बुजलेला, तोही उघडला आणि गाडी दिली.