ईस्टरच्या जेवणातली लाल ‘कोशिंबीर’

मालवाहू जहाजावर चीफ कुक म्हणून काम करताना एक गोष्ट पक्की ध्यानात येते. भाताऐवजी बटाटा वाढला तर खलाशी कुरकुरत का होईना जेवतो. परंतु त्याच्या सवयीचे तोंडीलावणे टेबलावर दिसले नाही, तर तो तडक गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दारात येऊन उभा राहतो.

त्या जहाजावर अधिकारी पोलंडचे, डेकवरचे खलाशी फिलिपिन्सचे आणि इंजिन रूममध्ये व गॅलीत आम्ही कोकणातली माणसे होतो. ईस्टरच्या रविवारी सर्वांची पंगत एकाच मेसमध्ये बसली. पोलिश घरांत त्या दिवशी उकडलेली अंडी, पांढरे सॉसेज आणि सोबत हॉर्सरॅडिश हवेच, म्हणून मी त्याची मुळे बंदरातून मुद्दाम मागवली होती. अख्ख्या मुळाला जवळजवळ वास नसतो. किसणीवर त्याच्या पेशी फुटल्या की मोहरीसारखे झणझणीत, चटकन उडून जाणारे तेल तयार होते आणि व्हिनेगर घातले की त्याचा जोर टिकून राहतो. निम्मा कीस मी त्यांच्या रीतीप्रमाणे उकडलेल्या बिटात कालवला. याला ते च्फिक्वा म्हणतात आणि दिसायला ती थेट बिटाची कोशिंबीर असते.

आमच्या मोटरमनने, म्हणजे इंजिन रूममधल्या खलाशाने, ती भरघोस वाढून घेतली. “बेताने घे, झोंबेल,” असे मी बजावले, तर तो म्हणाला, “भाऊ, ठेच्यावर वाढलेला माणूस मी, बिटाला काय घाबरायचे?” पहिला घास जिभेवर गुपचूप उतरला आणि दुसऱ्याच क्षणी नाकातून मस्तकात गेला. त्याने दोन्ही हातांनी टेबल धरले, डोळ्यांतून धारा लागल्या, सगळी मेस हसू लागली. पण कोणी पाणी आणेपर्यंत झोंबणे ओसरलेही होते. “एवढेच?” असे विचारून त्याने पुन्हा चमचा भरला.

हे पाहून पोलिश चीफ इंजिनिअर साहेबांना चेव आला. त्यांनी अर्ध्या अंड्यावर आमचा लवंगी मिरचीचा ठेचा चांगला जाड थापला, तो खाल्ला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत कळ ओसरण्याची वाट पाहू लागले. त्यांच्या अनुभवात तिखट नाकात चढते आणि उतरते; मिरचीचे तिखट मात्र जिभेवर ठाण मांडून बसते आणि पाण्यात विरघळत नसल्याने पाण्याला दाद देत नाही. पाण्याचे दोन ग्लास रिते झाल्यावर त्यांनी लालबुंद चेहऱ्याने मला विचारले, “हे उतरते कधी?” मी त्यांच्याच ताटाशेजारची आंबट सायीची वाटी पुढे सरकवली, कारण त्यावर स्निग्धांश आणि दुधातली प्रथिने हाच खरा उतारा असतो.

फिलिपिनो मंडळी एवढा वेळ सॉसेजवर शांतपणे लाल केचप ओतत होती. ते केळ्याचे आहे, यावर सेकंड इंजिनिअरचा विश्वास बसेना. लेबल वाचल्यावर त्याने बाटली सगळ्यांना फिरवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टोमॅटोच्या टंचाईत हे केचप रुजले आणि केळ्याच्या केचपचा मूळ रंग तपकिरी असल्याने त्यात लाल रंग घालतात, हे बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, सांगितले. त्याचे श्रेय मारिया ओरोसा या अन्नरसायनतज्ज्ञ स्त्रीला दिले जाते. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे नाव घेताना बोसनच्या आवाजात जो अभिमान होता, तो मला फार भावला.

रात्री मोटरमनने उरलेला कीस तळलेल्या बांगड्याला लावून खाल्ला आणि एक तुकडा मलाही दिला. तेलकट मासळीला हॉर्सरॅडिश अप्रतिम लागते.