व्हाळाचं पाणी तपासून घेताना

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला लोहखनिजाची खाण आहे. तिच्या कुशीतून येणारा व्हाळ खाली आमच्या पोफळीच्या बागायतीला आणि वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला, पाणी देतो. पाणी बिघडलंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण तक्रार घेऊन जावं तिथे उत्तर ठरलेलं: कोकणातले ओढे पावसात लालच असतात. गावातले जुने लोकही तेच म्हणायचे, ‘‘व्हाळ तांबडोच जाता रे, त्यात नवा काय?’’ आणि ते खोटं नाही. जांभ्याची माती पावसात वाहतेच. रंगावर भांडत बसलो असतो तर हरलोच असतो.

वाट दाखवली वणीच्या मेव्हण्याने. त्यांच्याकडे कोळशाच्या उघड्या खाणी. तो फोनवर म्हणाला, ‘‘भावजी, सल्फेट तपासून घ्या.’’ कोळशाबरोबरच्या खडकात गंधकाचं पायराइट असतं. खणून ते उघड्यावर आलं की हवा-पाण्याने त्याचं आम्ल होतं. वाटेत चुनखडी भेटली तर आम्ल मरतं, सामू (पीएच) ठीक येतो, पण सल्फेट आणि क्षार पाण्यात राहतातच. म्हणजे दिसायला नितळ, तरी बिघडलेलं पाणी. आमचं नेमकं उलटं. इथलं लोखंड आधीच गंजलेलं, ऑक्साइडच्या रूपातलं; त्यातून आम्ल फारसं सुटत नाही, सुटतो तो बारीक लाल गाळ. नुसतं सल्फेट तपासलं असतं तर खाणीला क्लीन चिट आम्हीच दिली असती. मेव्हण्याची दुसरी गोष्ट मात्र जशीच्या तशी कामी आली: खाणीच्या वरचं आणि खालचं पाणी एकाच दिवशी, लागोपाठ घ्या.

वरचा नमुना खाणीच्या हद्दीआधी, रानातून व्हाळ येतो तिथे घेतला, खालचा बंधाऱ्याजवळ. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर गेलो, म्हणजे ‘पावसाचं पाणी आहे’ म्हणायला जागा नको. कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळायचा, तोंड प्रवाहाकडे करून पाण्याखाली भरायचा, तळ ढवळायचा नाही. तळ ढवळला की सगळं मुसळ केरात.

प्रयोगशाळेत छापील फॉर्म पिण्याच्या पाण्याचा. त्यात सामू, क्षार, क्लोराइड, नायट्रेट सगळं होतं. गढूळपणाही होता, त्याची मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर 5. पण पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं वजन हा रकाना नव्हताच, आणि आमचं सगळं दुखणं तिथे. ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला जी सर्वसाधारण मर्यादा आहे, लिटरमागे 100 मिलिग्रॅम, ती याच गाळाची. तिथल्या मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी वेगळा अर्ज लिहून घेतला. नंतर मोजलेले दोन्ही फिल्टर कागद दाखवले. वरच्या पाण्याच्या कागदावर फिकट तपकिरी डाग आणि पानाचा एक तुकडा. खालच्यावर विटकरी थर, वाळून भेगाळलेला. आमच्या कुणग्यांत, म्हणजे छोट्या खाचरांत, भाताच्या मुळाशी हाच थर बसतो आणि सुकला की पाणी आत झिरपू देत नाही. त्या कागदाचा फोटो पुढे अहवालापेक्षा जास्त बोलला.

पण खाजगीत काढलेला नमुना कायद्यात पुरावा धरत नाहीत, हे त्यानंतर कळलं. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, खाणवाल्याला नोटीस देऊन नमुना घ्यावा लागतो. आमचा अहवाल फक्त त्यांना यायला लावण्यापुरता. तेवढ्यासाठी ग्रामसभेचा ठराव, अर्ज, स्मरणपत्रं. एका कार्यालयात आमची फाईल ‘दुसऱ्या टेबलावर’ होती. ते टेबल शेवटपर्यंत सापडलं नाही.

खरा धक्का दिला माहिती अधिकाराने. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून खाणीचे सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी पाळल्याचे अहवाल, मागवले. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला ते दर 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावेच लागतात. त्यात आमच्या व्हाळाचं पाणी उत्तम! तारखा पाहिल्या तर नमुने फेब्रुवारी-मार्चचे. तेव्हा खाणीतून टिपूस येत नाही, व्हाळाच्या कोंडीत, म्हणजे डोहात, तळाचे गोटे मोजता येतात. एकही आकडा खोटा नव्हता, म्हणून जास्त राग आला.

हे अहवाल आणि आमचा अहवाल शेजारी लावून पाठवल्यावर मात्र अधिकारी आले, तेही भर पावसात. नमुन्याचे दोन भाग करून सील केले, पंचनाम्यावर आमच्याही सह्या घेतल्या. गाळ अडवायची तळी काठोकाठ भरलेली होती, ती उपसायचा आदेश निघाला. पावसाळ्यातला नमुना सक्तीचा करा, ही मागणी अजून लेखी मान्य झालेली नाही. कुणग्यांतल्या गाळाची भरपाई हे प्रकरण वेगळं. ते तलाठ्याकडून तहसीलला गेलंय आणि तिथून त्याची पोचसुद्धा आलेली नाही.