हँडल

मंगळवार, रात्री

बाबांची जुनी मोटारगाडी आज संस्थेला दान म्हणून गेली. कोठ्यातून दोर लावून ओढता ओढता दोन तास लागले. वेचणीच्या बाया ओट्या सोडून बांधावर येऊन उभ्या होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ट्रेलरवर चढवून झाल्यावर नागपूरच्या मिस्त्रीनं हात पुसत विचारलं, "ताई, हिचं हँडल कुठी हाय जी?"

मी म्हणाले, "हरवलं."

गाडी सुरू करायचं ते हँडल हरवलेलं नाही. कोठीत गव्हाच्या कणगीमागे आहे, बाबांनी ठेवलं होतं तिथंच. तोंडून असं का निघालं ते संध्याकाळपासून कळत नाही. जेवणही गेलं नाही.

दादाचा फोन आला होता. त्यानं पुन्हा गाडीच्या किमतीचा तो आकडा सांगितला. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

बाकी सगळं दिलं, काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. दोन्ही एसयू कार्बोरेटर, फाटकं हूड, तारांच्या आरांची जास्तीची चाकं, बाबांची पान्यांची पेटीसुद्धा. मिस्त्री पेटी उघडून हरखलाच. या एमजी टीसी गाडीच्या इंजिनाच्या बोल्टला पाना लागतो इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा आणि आटे असतात मिलिमीटरचे. ज्या कारखान्यात हे इंजिन घडलं तो आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, म्हणून. बाबा हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. आज मी मिस्त्रीला सांगितलं आणि बोलताना माझा आवाज बाबांसारखा झाला. इतकं सगळं हौसेनं हातात देत होते आणि पुढच्याच घडीला खोटं बोलले.

सीए म्हणाले होते, आधी विका आणि मग पैसे द्या. प्राप्तिकरातली सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तू दिली तर मिळत नाही. मला गाडीच द्यायची होती. तिच्या चाकाला लाथ मारून भाव पाडणारा माणूस माझ्या अंगणात मला नको होता. आता लिलाव संस्थाच करेल आणि त्या पैशात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी गावोगाव फिरणारी गाडी घेईल. गणूची पोर असती तर यंदा दहावीला...

असो. हँडल.

१९५१ साली आमची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि त्याच वर्षी विनोबांचं भूदान सुरू झालं. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या, असं ते मागायचे. आजोबांनी दिला. कोणता दिला, तर नाल्यापलीकडची बरड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. काळीतलं एक वावर नाही दिलं. बाबा त्या बाजूनं गाडी नेताना मान दुसरीकडे वळवायचे. मी लहान होते, मला वाटायचं ते मोर पाहतात. पुढे एकदा म्हणाले, "दिलं, पण आपल्याला नको होतं ते दिलं." त्यापुढे काही बोलले नाहीत.

म्हणून मी ठरवलं होतं की देईन तर अख्खं देईन. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातली ही १९४८ची. बॉडीच्या आतला सांगाडा लाकडाचा. इतकी वर्षं त्यातली उदई, म्हणजे वाळवी, मी काढली, रॉकेलचा बोळा घेऊन, दर पावसाळ्यात. दादा पुण्याला, सुमन तिच्या संसारात, आणि मी कोठ्यात पाठ मोडून बसलेली. कोणी एकदा तरी विचारलं का, तुझे हात का फुटले म्हणून? मग एक लोखंडाचा दांडा ठेवला मी, तर काय बिघडलं? एवढाही हक्क नाही का माझा?

हे वर लिहिलं आणि थांबले. मघाशी आत जाऊन हँडल काढून आणलं. कंदिलाच्या काचेसारखं पुसलं. हातात धरलं तर अंगठा आपोआप चार बोटांच्या शेजारी जाऊन बसला.

बारा वर्षांची होते तेव्हा बाबांनी शिकवलं होतं. मुठीभोवती अंगठा वळवायचा नाही, इंजिन उलटं फिरलं तर हँडल मागे झटका मारतं आणि अंगठा मोडतो. खालून वर ओढायचं, वरून खाली कधी दाबायचं नाही. माझ्या हातावर त्यांचा हात होता. पेट्रोलचा आणि तंबाखूचा वास. तिसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली आणि आई ओसरीवरून ओरडली.

मला हँडल नको होतं. तो हात हवा होता. आणि तो माझ्या हातात आहेच, अंगठ्याला अजून विसर पडलेला नाही. हे कळलं तेव्हा जरा हसू आलं, किती वेळानं. उदई मी काढली ती कोणी सांगितलं म्हणून नाही. मला आवडायचं ते काम. खरंच आवडायचं. कोठा आता मोकळा दिसेल काही दिवस, मग बैल बांधायला जागा होईल, गणू कधीचा म्हणतोच आहे.

बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात हँडल गुंडाळलं. सकाळच्या एसटीनं नागपूरला मीच नेऊन देते. सोबत चिठ्ठी लिहिली. आधी लिहिलं, "सापडलं." फाडली. मग लिहिलं, "द्यायचं राहिलं होतं." तीही फाडली. तिसरीवर लिहिलं, "हँडल माझ्याकडे होतं. खोटं बोलले, माफ करा." आणि खाली, "गाडी ज्यांच्याकडे जाईल त्यांना सांगा, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. खालून वर ओढायचं."