हार्ट मोठं झालंय, आता किती दिवस?

‘डॉक्टरांनी हार्ट मोठं झालंय म्हणून सांगितलं. आता किती दिवस काढेल तो?’ पॉम, डॅशहुंड असली लहान चणीची कुत्री म्हातारी झाली, की सातारा-सांगलीकडच्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर.

दिवसांचा आकडा कुणीच देऊ शकत नाही. आजार कुठल्या टप्प्यावर आहे, ते मात्र कळतं. या कुत्र्यांत बहुतेक वेळा डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते आणि नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं जातं आणि स्टेथोस्कोपमध्ये त्याची सूं-सूं ऐकू येते, तीच मर्मर. मर्मर आहे पण हृदय फारसं वाढलेलं नाही, तो टप्पा बी-१. यात सहसा गोळी लागत नाही, ठरावीक काळाने तपासणी पुरते. हृदय ठळक वाढलंय पण धाप नाही, तो बी-२. फुफ्फुसात पाणी झालं, म्हणजे हार्ट फेल झालं, की सी. बी-२ मध्येच पिमोबेंडन ही हृदयाला बळ देणारी गोळी सुरू केली तर हार्ट फेल होणं सुमारे १५ महिने लांबतं, हे एपिक नावाच्या औषध-चाचणीत दिसलं. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. म्हणून ‘खातोय-पितोय ना, मग कशाला खर्च’ असं म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नका. बी-१ की बी-२, ते इकोवरच नीट ठरतं. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर पुण्याला जाण्याआधी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा.

डॉबरमनचं वेगळं आहे. त्याच्यात झडप नाही, हृदयाचा स्नायूच कमजोर होतो आणि ठोके चुकतात. मर्मर ऐकू येईलच असं नाही, म्हणून ईसीजीही हवा.

आता घरी करायचं सगळ्यात मोठं काम: झोपेतले श्वास मोजणं. यासाठी फक्त घड्याळ लागतं. तो गाढ झोपला की जवळ बसा, हात लावू नका. बरगड्यांच्या मागची कूस बघा. ती वर येऊन खाली गेली की एक श्वास. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पंजे फडफडत असतील, ओठ हलत असतील तर तो स्वप्नात आहे, थांबा. फिरून आल्यावर किंवा उकाड्यात जीभ काढून धापत असताना मोजलेला आकडा धरू नका. पहिले चार-पाच दिवस रोज मोजलं की त्याचा नेहमीचा आकडा कळतो. बहुतेकांचा १५ ते २५ असतो. तो कॅलेंडरवर त्या-त्या तारखेखाली लिहा. ३० च्या वर गेला तर तासाभराने परत मोजा. तेव्हाही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फुफ्फुसात पाणी साचू लागलं की बऱ्याचदा खोकला किंवा मलूलपणा दिसण्याआधी हा आकडा चढतो, म्हणून एवढा आग्रह.

खोकल्यावर मात्र निष्कर्ष काढू नका. वाढलेलं हृदय श्वासनलिकेला दाबतं म्हणूनही खोकला येतो, आणि लहान जातींत श्वासनलिका मुळातच ढिली असते. खोकतोय पण झोपेतले श्वास २२ आहेत, तर पाणी असण्याची शक्यता कमी. मनाने पाण्याची गोळी (साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी) वाढवू नका. ज्येष्ठमधाचा काढाही नको. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, जे पाण्याच्या गोळीने आधीच उतरत असतं.

गोळ्यांत चुका होतात त्या अशा. पिमोबेंडन जेवणाआधी तासभर, साधारण १२ तासांच्या अंतराने. भरल्या पोटी ती नीट शोषली जात नाही. पाण्याची गोळी म्हणजे फ्रुसेमाइड. माणसांच्या दुकानात ती बहुधा ४० मिलिग्रॅमची मिळते आणि ८ किलोच्या पॉमला डॉक्टर १० मिलिग्रॅम लिहितात, म्हणजे पाव गोळी. सुरीने पाव करताना भुगा होतो आणि एक तुकडा मोठा निघतो, तेव्हा गोळी कापायची डबी घ्या. पाकीट घेताना नाव अक्षर अक्षर वाचा: लॅसिक्स आणि लॅसिलॅक्टोन या एकच गोळ्या नव्हेत, दुसरीत स्पायरोनोलॅक्टोनही असतं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. पिमोबेंडन गावात मिळेलच असं नाही, दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की मागवा.

पाण्याची गोळी चालू झाली की तो खूप पाणी पितो आणि घरात लघवी करतो. त्याला रागावू नका, पाण्याचं भांडंही उचलू नका. पाणी तोडलं तर किडनीवर ताण येतो. एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. पाय दुखतो म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तर कधीच नको.

खाण्यात मीठ कमी, पण पोट भरलेलं. भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, साधं दही, बिनमिठाची भाकरी चालते. रस्सा नको: मीठ आहेच, वर कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. पापड, खारी, फरसाण बंद. सांगलीत चहाबरोबर भडंग निघतो आणि मूठभर त्याच्यापुढे जातो, तोही बंद. तासगावच्या पट्ट्यात बेदाणा घरोघरी असतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, शिऱ्यातला किंवा प्रसादातला मनुकासुद्धा काढूनच घ्या. मटण-चिकन मात्र तोडू नका, या आजारात अंगावरचं मांस झडतं. आठवड्याला वजन करा: त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन वजा करा. पोट टम्म दिसतंय आणि वजन झपाट्याने वाढतंय तर पोटात पाणी असू शकतं.

गळपट्टा काढून छातीचा पट्टा घाला. त्याच्या चालीने फिरवा, तो थांबला की थांबा. एप्रिल-मेमध्ये फिरणं पहाटे किंवा दिवे लागल्यावरच. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी दारावरून जाणार असेल तर काय काळजी घ्यायची, ते आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा. त्याला आतल्या खोलीत ठेवायचं की नातेवाइकांकडे न्यायचं, तेही आधीच ठरवा.

चक्कर येऊन पडला तर तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर राहू द्या आणि दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. ती चक्कर आहे की आकडी, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसलाय, आडवा होत नाही, हिरड्या निळसर-राखाडी, श्वास ४० च्या वर, तर सकाळची वाट बघू नका. अशा वेळी फ्रुसेमाइडचा जादा डोस किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याच्या नंबरासह फ्रिजवर चिकटवा. गाडीत त्याला आडवं पाडू नका, छातीशी आवळून धरू नका. जसा बसला असेल तसा बसू द्या आणि खिडकी उघडी ठेवा.