सीलचा आकडा

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की वजन आधी मोठ्याने पुकारायचे, मगच लिहायचे. त्यावरूनच शेतकऱ्याची हिशेबपट्टी व्हायची. मी गेली अकरा वर्षं त्याच हळदीच्या एक्स्पोर्टचे कागद करते.

नव्या मुलांना इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), बीएल (जहाज कंपनी देते ते बिल ऑफ लेडिंग) सगळे कागद सारखेच वाटतात. मी त्यांना वखारीची पावती दाखवते. शेतमाल तारण योजनेत माल वखारीत असतो आणि कर्ज पावतीवर मिळतं. बीएलचं तसंच, फक्त ही वखार समुद्रावर चालते. माल जहाजात चढल्याची पोच तीच आणि मालावरचा हक्कही तोच. ओरिजिनल बहुधा तीन निघतात. एकावर माल सुटला की उरलेले दोन बाद. एलसीच्या, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची हमी बँक देते त्या व्यवहारात बीएल बऱ्याचदा बँकेच्या ऑर्डरवर असतो, बँकेने मागे सही केल्याशिवाय खरेदीदाराच्या हाती काही पडत नाही. बीएलचा १८५६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, तरी कागदाचं वजन तेवढंच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमचा एक वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला निघाला. तिन्ही ओरिजिनल बँकेत दिले. बँकेला तपासायला कामाचे पाच दिवस असतात. चौथ्या दिवशी फोन आला. पॅकिंग लिस्टवर कंटेनरच्या दाराला लावलेल्या सीलच्या नंबरात शेवटी ५७२, बीएलवर ५२७. कागदांनी एकमेकांना छेद दिलेला एलसीत चालत नाही. बीएलवर काय छापायचं ते लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, कळवणारी शिपिंग इन्स्ट्रक्शन मी भरली होती, बीएलचा ड्राफ्टही मीच ओके केला होता.

कंटेनर नंबरात अशी चूक सहसा निसटत नाही. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला सातवा. तो आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. दोन आकडे उलटे पडले की हिशेब जुळत नाही, लाइनचा कॉम्प्युटरच अडवतो. सीलला असा राखणदार नाही. तिथे फक्त आपले डोळे.

तिन्ही ओरिजिनल रात्रीच्या गाडीने मुंबईला, लाइनच्या ऑफिसात परत गेले. जेबेल अलीचा प्रवास जेमतेम आठवडाभराचा, त्यामुळे माल तिकडे उतरून उभा होता आणि भाडं चढत होतं. बँकेत कागद द्यायला शिपमेंटपासून एकवीस दिवसांची मुदत, दुरुस्त कागद सतराव्या दिवशी बँकेत पोचले. शेठ मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या पैशांवर अडत्याची उधारी अडकली होती. त्याचे दोन फोन मी घेतले. दोन्ही वेळा त्याने फक्त तारीख विचारली, आणि माझ्याकडे तारीख नव्हती.

आता ड्राफ्ट आला की मी तो छापून घेते. सील लावतानाचा फोटो शेजारी ठेवते. शेजारच्या टेबलावरची मुलगी फोटोतला एकेक आकडा मोठ्याने पुकारते, मी कागदावर टिक करते. मग कागद तिच्याकडे, फोटो माझ्याकडे, आणि परत पहिल्यापासून.